शिंप्याने शिवलेला किडा

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की त्या गावाचं नाव आता कुणालाच नक्की सांगता येत नाही, आणि नदी गावाच्या कोणत्या अंगाने वाहायची यावरही सांगणाऱ्यांचं एकमत नाही. पण गावात एक शिंपी होता, त्याची बायको होती आणि शेजारणीचा एक तांबडा कोंबडा होता, हे सगळेच मान्य करतात. आपल्याला तेवढं पुरे आहे.

एकदा शिंप्याची बायको आजारी पडली. ताप पुष्कळ दिवस राहिला आणि मग एका सकाळी उतरला. शिंप्याला वाटलं, सुटलो. पण ताप जाताना तिची भूकही घेऊन गेला. पेजेची वाटी पुढे केली की ती एक घोट घ्यायची आणि वाटी बाजूला सारायची. भात नको, ताक नको, गूळसुद्धा नको. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि सांगितलं की आता औषध देण्यासारखं काही उरलेलं नाही. पोटात अन्न गेलं तर ती उठेल, नाही गेलं तर काही सांगता येत नाही. वैद्य असं बोलतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे शिंप्याला कळत होतं. तो फार घाबरला.

तुला काय खावंसं वाटतं, असं त्याने तिला दहादा विचारलं. काहीच नाही, असं तिने दहादा सांगितलं. अकराव्यांदा ती कंटाळून म्हणाली की लहानपणी माहेरी नदीचे मासे मिळायचे, ते बरे लागायचे. बस्स, शिंप्याने तेवढंच धरलं.

आता, या शिंप्याने जन्मात कधी मासा धरलेला नव्हता. गळ कुठून आणायचा हेही त्याला माहीत नव्हतं. मग त्याने घरात होतं त्यातूनच सगळं जमवलं. कपडे वाळत घालायचा लांब बांबू काढून घेतला आणि ओले कपडे शेजारणीच्या कुंपणावर टाकले. गोधडी शिवायची जाड सुई दिव्यावर लाल करून वाकवली. दोऱ्याचे बरेच पदर एकत्र वळले आणि ते पाण्यात भिजून बुडू नयेत म्हणून त्यांना मेण चोळलं. शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती. माशाला आंगडं शिवायला निघालात की काय, असं तिने विचारलं. शिंपी बांबू खांद्यावर टाकून तसाच नदीवर गेला.

नदीवर त्याने सुईला पिठाची गोळी लावली. माशांनी गोळी खाल्ली आणि सुई तशीच ठेवली. गांडूळ शोधावं तर जमीन कोरडी ठणठणीत. शेवटी करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून शिंपी काठावर बसून पाण्याकडे बघत राहिला. बराच वेळ बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं की पाण्यावर तांबूस पंखांचे किडे उतरत आहेत आणि मासे खालून वर येऊन ते गट्ट करत आहेत. त्याने एक किडा पकडला आणि सुईला टोचायला गेला, तर किड्याचा भुगा झाला. मग शिंप्याने शिंप्याला शोभेल असाच विचार केला. किडा टिकत नाही ना, मग आपण शिवू.

त्याच्या धोतराला कोंबड्याचं एक तांबडं पीस चिकटलं होतं. ते त्याने सुईवर धरलं, वरून दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि उरलेला दोरा दातांनी तोडला. मग बांबू मागे नेऊन हलकेच पुढे झटकला. पिसाचा किडा हवेतून गेला आणि पाण्यावर अलगद टेकला. पाणी फुटलं, बांबू वाकला, शिंपी घसरून कमरेइतक्या पाण्यात पडला, आणि बाहेर आला तेव्हा दोऱ्याच्या टोकाला हातभर लांबीचा चंदेरी मासा तडफडत होता. दोघांपैकी जास्त कोण घाबरलं होतं, हे सांगणं कठीण आहे.

त्या संध्याकाळी त्याने माशाचं कालवण केलं. बायकोच्या अंथरुणाशी बसून काटे काढता काढता तो तिला सगळं सांगत गेला. सुई कशी वाकवली, पीठ कसं फुकट गेलं, पाण्यात पडल्यावर पागोटं कसं वाहून चाललं होतं आणि मासा धरावा की पागोटं, हे त्याला कसं कळेना. ती हसली. हसता हसता तिने घास घेतला, मग आणखी एक घेतला. अर्धी भाकरी संपली. शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्याने आशा जवळजवळ सोडली होती.

दुसऱ्या दिवशी तो उजाडायच्या आधीच नदीवर गेला. कालचा किडा माशाने चावून खराब केला होता, म्हणून त्याने नवा शिवला. मासा लागला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही लागला नाही. इथून पुढे शिंप्याच्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला, तो काही केल्या थांबेना.

त्या दिवशी पीस मानेचं होतं की शेपटीचं? दोरा लाल होता की शेंदरी? गाठ डावीकडे होती का? त्याने तेच धोतर नेसून पाहिलं. ते ओलं करूनही पाहिलं. मुद्दाम पाण्यात पडून पाहिलं. नुसती सर्दी झाली. मानेची पिसं झाली, शेपटीची झाली, पंखांची झाली. कोंबडा आता शिंपी दिसला की कौलांवर चढायचा. शेजारीण म्हणायची की तुमच्या घरात माणूस बरं होईल तोवर आमच्या घरात कोंबडा उघडा पडेल. ती चिडायची खरी, पण आतल्या आजारी बाईकडे बघून फार बोलत नसे.

त्यातच गावचे इनामदार नदीवर आले. त्यांनी शहरातून वेताची गुळगुळीत काठी आणली होती. तिला दोरी गुंडाळायला पितळी फिरकी होती आणि वर मखमलीची पिशवी. त्यांना इतक्या दिवसांत एकही मासा मिळाला नव्हता, आणि एका शिंप्याने कपडे वाळवायच्या बांबूने मासा धरला हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"खरं सांग, त्या दिवशी तू काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"तेच आठवतोय, सरकार," शिंपी म्हणाला. "पण जितकं आठवायला जातो तितकं जास्त विसरतो."

इनामदारांना वाटलं, हा लपवतोय. त्यांनी काठ्यांची अदलाबदल करायला सांगितलं. इनामदार बांबू घेऊन बसले, शिंपी पितळी फिरकी घेऊन बसला, आणि दोघांनाही काहीच मिळालं नाही. मग त्यांनी काठ्या परत बदलल्या. जाताना दोघांनीही एकमेकांकडे संशयाने पाहिलं. आपली काठी बिघडवून परत दिली, असं दोघांनाही वाटत होतं.

घरी बायको पुन्हा जेवेनाशी झाली होती. शिंपी अंधार पडताना यायचा, पेजेची वाटी तिच्या उशाशी ठेवायचा, आणि दाराजवळच्या उजेडात तिच्याकडे पाठ करून उद्याचा किडा शिवायला बसायचा. सकाळी वाटी तशीच असायची. ते पाहिलं की तो आणखी घाईने नदीवर पळायचा.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, आज जरा बसा ना इथं."

शिंप्याच्या एका हातात पीस होतं आणि दुसऱ्या हातात दोरा ताणलेला होता. "आत्ता नको गं," तो म्हणाला. "गाठ अर्धीच झाली आहे, सोडली तर सगळं सुटेल. तू बरी व्हावीस म्हणूनच चाललंय ना हे?"

तिने भिंतीकडे तोंड वळवलं. शिंप्याची गाठ मात्र छान बसली.

दुसऱ्या दिवशी कोंबडा कौलांवरून खाली उतरलाच नाही. शिंप्याकडे एकही पीस शिल्लक नव्हतं. नदीवर जाऊन तरी काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं. पण घरी राहून काय करायचं, हेही कळत नव्हतं. म्हणून तो गेला आणि काठावर बसून राहिला. हातांना काम नव्हतं. डोळे आपोआप पाण्याकडे गेले.

पाण्यावर तांबूस किडे नव्हतेच. एकही नव्हता. त्यांचे दिवस केव्हाच संपले होते. आता पाण्यावर बारीक पांढरी चिलटं उतरत होती, आणि मासे खालून वर येऊन ती गट्ट करत होते. कितीतरी दिवस शिंपी माशांना जे वाढत होता, ते आता नदीत कुणी खातच नव्हतं. त्याला स्वतःचा राग आला आणि हसूही आलं. त्याने आपल्या बंडीची शिवण उसवून चिमूटभर कापूस काढला, सुईवर बसवला, पांढऱ्या दोऱ्याने करकचून बांधला आणि बांबू झटकला. पहिल्यापेक्षाही मोठा मासा लागला.

शिंपी घरापर्यंत धावत आला. चूल पेटवली, कालवण केलं, ताट बायकोपुढे ठेवलं. "बघ, आणला," एवढंच तो म्हणाला, आणि लगेच दाराशी जाऊन कापसाचे किडे शिवायला बसला. आता गुपित सापडलं होतं. आता रोज मासा आणता येणार होता. त्याला मनापासून आनंद झाला होता.

बऱ्याच वेळाने त्याने वळून पाहिलं. ताट तसंच होतं.

तो उठला आणि त्याने कालवण चाखून पाहिलं. मीठ बरोबर होतं. तिखट बरोबर होतं. मासा त्याच नदीचा, भांडं तेच, हात तोच. शिंप्याचं डोकं चालेना. इतके दिवस मासा का लागत नाही हे कळत नव्हतं. ते कळलं, मासा आला, तर आता हे. आणखी काय करायचं राहिलं होतं, हे त्याला सुचेना. तो तिच्या अंथरुणाशी मटकन खाली बसला.

बसला आणि स्वतःशीच पुटपुटू लागला. तिला सांगत नव्हता, नुसता हिशेब लावत होता. कोंबड्याची सगळी पिसं गेली, आता तो कौलांवर आंघोळीला निघालेल्या उघड्या म्हाताऱ्यासारखा बसतो. मी मुद्दाम पाण्यात पडलो, तर इनामदारांना वाटलं तेच गुपित. दुसऱ्या दिवशी ते अंगरख्यासकट पडले, आणि त्यांना बाहेर काढायला माझाच बांबू धरावा लागला.

तिचे खांदे हलताना दिसले. शिंप्याला वाटलं ती रडते आहे, आणि तो वाकून पाहू लागला. तिने त्याच्याकडे तोंड वळवलं. ती हसत होती.

"मग?" ती म्हणाली. "बाहेर आल्यावर काय म्हणाले इनामदार?"

शिंप्याने सांगितलं. सांगता सांगता त्याची बोटं काटे काढू लागली. तिने एक घास घेतला. त्याने पुढचं सांगितलं, तिने पुढचा घास घेतला. कालवण गार झालं होतं, पण ताट रिकामं झालं. मग तिने थोडी पेज मागितली, आणि तीही संपवली.

शिंपी रिकाम्या ताटाकडे बघत राहिला. "अगं, पण मघाशी का नाही खाल्लंस?" त्याने विचारलं. "कालवण तर तेच होतं."

"मासा पिसाला फसला, हे मला समजतं," ती म्हणाली. "पण तुम्ही माशाला कसे फसलात? इतके दिवस मी नुसती तुमची पाठ बघत पडले होते. पाठीकडे बघून घास उतरत नाही हो."

शिंप्याला खूप काही म्हणायचं होतं. आपण हे सगळं तिच्यासाठीच केलं, हे म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं. पण त्याला तिचा बारीक झालेला हात दिसला, आणि तो हात आपण इतके दिवस पाहिलाच नाही हे त्याच्या ध्यानात आलं. तो रडू लागला. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

त्यानंतर घरात बरेच दिवस नुसती पेज आणि भाकरीच होती. तो रोज तिच्याजवळ बसून जेवला, आणि ती बरी झाली.

या गोष्टीतून काय घ्यायचं, यावरूनही गावात गोंधळच झाला. शेजारणीने घेतलं की शिंप्याच्या घराशेजारी कोंबडा पाळू नये. इनामदारांनी घेतलं की सगळी जादू बंडीतल्या कापसात आहे, आणि त्यांनी घरातल्या सगळ्या बंड्या उसवल्या. वैद्यबुवांनी घेतलं की आजारी माणसाला मासा द्यावा.

सांगणाऱ्याला विचाराल तर तात्पर्य एवढंच: मासा असो की माणूस, त्याला आज काय हवं आहे ते त्याच्यापाशी बसून पाहावं लागतं; त्याच्याकडे पाठ करून कितीही राबलं तरी ते कळत नाही.