सगुणाबाईचा प्रश्न

एका राज्यात तीन पिढ्यांचा शाप होता. "तू मला नकोस" हे शब्द राजाच्या घशात अडकत. मग नकोसा झालेला चाकर खुणांवरून स्वतःच ओळखून निघून जाई. जो ओळखत नसे, त्याचा उभ्या उभ्या दगड होई. दरबाराच्या वाटेवर असे सतराजण उभे होते. राजाला तोंडावर विचारावं, तर ती बेअदबी.

सगुणाबाई रोज त्या दगडांजवळून जाई. राजाचे निरोप नेणाऱ्या पाखरांना तीस वर्षं तीच बोलायला शिकवत होती. हल्ली ती फार थकली होती, पण त्या कामात तिचा जीव होता.

एके दिवशी मांत्रिकानं बोलका आरसा आणला. राजा म्हणाला, "सगुणाबाई, पाखरांना येतं ते सगळं ह्याला शिकवा."

तिनं शिकवलं. म्हातारी साळुंकी म्हणाली, "बाई, गाठोडं बांधा."

"गप गं! विश्वासानं काम दिलंय मला."

मग राजानं सांगितलं, "कोणतं पाखरू कोणत्या वाटेनं जातं, ते लिहून द्या." तिनं लिहून दिलं. त्यानंतर तिला सदरेवर कुणी बोलावलंच नाही. महाराज आपल्याला विश्रांती देत असतील, अशी तिनं मनाची समजूत घातली. थकलेलं माणूस असल्या समजुतींना फार लवकर राजी होतं.

तिसरा हुकूम आला: "पक्षीखान्याच्या किल्ल्या मांत्रिकाकडे द्या." तिनं किल्ल्या दिल्या आणि तिची पावलं गार पडली.

साळुंकी ओरडली, "बाई, पाय बघा!"

घोट्यापर्यंत दगड झाला होता. सगुणाबाईला रडू आलं, आणि रडता रडता संताप आला. तीस वर्षांच्या चाकरीनंतर खुणाच ओळखत बसायचं? दगडी पावलं ओढत ती सिंहासनापुढे गेली.

"महाराज, मी नको झाले का?"

राजाचा घसा आवळला, डोळे पांढरे झाले, आणि तीन पिढ्यांचा अडलेला शब्द सुटला. "होय, बाई. सहा महिने झाले."

त्यासरशी तिचे पाय मोकळे झाले. वाटेवरचे सतराही जण अंग झाडून आपापल्या घरी गेले. राज्याची घडी नीट बसली.

राजा गहिवरून म्हणाला, "आमचा शाप उतरवलात. मागा काय हवं ते."

"माझं काम द्या."

राजाला आता मोकळेपणानं बोलता येत होतं. "नाही," तो म्हणाला.