परसदाराची कडी

“तिच्यात असं काय आहे बापू, जे माझ्यात नाही?”

बापू नाचणकर जुन्या कॅमेऱ्याचं भिंग पुसत राहिले.

यशोधन आणि नजमा मुकादम. राजापुरातल्या बापूंच्या फोटो स्टुडिओत दोघं एकाच वर्षी शिकायला आली होती. आता तो टोरांटोला होता, ती हॅम्बर्गला. इथलं घर दोघांचंही गेलं होतं. त्याचं वडिलांच्या पश्चात विकलं गेलं आणि पाडलं गेलं, तिचं रस्तारुंदीत गेलं. परदेशात बसून दोघंही त्या गेलेल्या घरांवरच काम करत होती. नाव मात्र तिचं झालं.

यशोधनला तेच खुपत होतं. लपवण्याइतकंही त्राण आता त्याच्यात उरलं नव्हतं.

“एक फोटो, बापू! निघायच्या दिवशी फोनवर काढलेला, परसदाराचा. त्याच्यापुढे उभं राहून लोक रडतात म्हणे. आणि मी? घर पडायच्या आधी चार हजार फोटो काढले. सहा वर्षं खपून कॉम्प्युटरमध्ये अख्खं घर उभं केलं. पुढच्या महिन्यात माझं प्रदर्शन आहे, नेमकं तिच्या शेजारच्या दालनात. तुम्ही फक्त एकदा म्हणा, माझं काम सरस आहे. त्यासाठी आलोय मी एवढ्या लांबून.”

बोलता बोलता त्याची नजर माठाच्या वर गेली. तिथे भिंतीवर तोच फोटो टांगलेला होता.

“इथेही?”

“तिने पाठवला, मी लावला.”

यशोधन फोटोकडे पाठ करून बसला.

बापूंना हसू आलं. “बरं, दाखव तुझं घर.”

त्याने बॅगेतून डोळ्यांवर बांधायचा जाड काळा चष्मा काढला. तो घातला की माणूस थेट त्या घराच्या अंगणातच उभा राहायचा. बापूंनी चष्मा चढवून घेतला. दोन पावलं चालले, थांबले, आणि पायातल्या वहाणा काढल्या.

यशोधनचा चेहरा खुलला.

“आहे का रे कोणी घरात?” बापूंनी हाक दिली.

“बापू, आत कोणी नाहीये. नुसतं घर आहे.”

बापूंनी पुन्हा हाक दिली. मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्याने. वाट पाहत तसेच उभे राहिले…

शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“आत नाही गेलात?”

“तुमच्या परसदाराची कडी कुठल्या बाजूला होती रे?”

यशोधनने लॅपटॉपकडे हात नेला.

“न बघता सांग.”

“उजवीकडे… नाही. डावीकडे असेल. थांबा, माझ्याकडे तिचे पन्नास तरी फोटो आहेत…”

बापू उठले. माठावरचा फोटो त्यांनी खिळ्यावरून उतरवला आणि उलटा करून छातीशी धरला.

“आणि हिच्या?”

“डावीकडे,” यशोधन तात्काळ म्हणाला. “कडीचा खिळा वाकलेला. चौकटीला खडूने उंचीच्या रेघा, वरची रेघ अर्धवट पुसलेली. खाली निळ्या स्लिपर, एकीचा अंगठा तुटलाय, तिथे सेफ्टी पिन लावलीय. पायरीवर पेजेचा ओघळ आहे, नुकताच भात गाळल्यासारखा. कोणीतरी आत्ताच आत…”

तो थांबला.

यशोधनने मान खाली घातली. बापूंच्या वहाणा अजून तिथेच होत्या, त्यांनी काढून ठेवल्या तशा.

बापूंनी फोटो पुन्हा खिळ्याला अडकवला, बोटाने सरळ केला.

“मघाशी तुझ्या अंगणातून मी तीनदा हाक मारली,” ते म्हणाले. “तेव्हा तू तिच्या घरी गेला होतास वाटतं.”