देवडीवरची चौकट

सनई वाजली, चंदनगडचे राजेसाहेब व्याह्यांच्या स्वागताला पायऱ्या उतरले आणि हत्तीवरून उतरला कोण, तर एक कुंभार! हातात चुकून त्याच्याकडे आलेला आमंत्रणाचा खलिता, दारात हत्ती. बिचारा नको कसा म्हणणार?

खरे व्याही घरी रुसून बसले. खलिता नेणाऱ्या भिवजी जासूदाच्या पायात बेडी पडली.

भिवजीची लेक येसू तडक दरबारात आली. "सरकार, खलित्यावर लिवलं व्हतं, 'सोनवडी, निंबगाव'. फडणीस आधी परगणा लिवत्यात, मग गाव. पागनीस आधी गाव, मग परगणा. आन् ह्या दोन्ही नावांची गावंबी हायती, परगणंबी! खलिता फडणिसांचा, बाबा चाकर पागेचा. त्यानं पागेच्या रीतीनं वाचला आन् दुसऱ्याच गावच्या त्याच आळीत, त्याच घरी, कुंभाराकडं पोचला. काय चुकलं त्याचं?"

"आमचीच रीत खरी!" फडणीस गरजले.

"आमची बापजाद्यांपासूनची आहे!" पागनीस त्याहून वर गरजले.

दौलत बुडाली तरी चालेल, पण पगडी झुकता कामा नये, असा दोघांचाही बाणा!

राजेसाहेबही काही कमी हट्टी नव्हते. "पोरी, आठ दिवसांत वाड्याबाहेर जाणारे सगळे पत्ते एकसारखे कर. पण माझ्या एकाही कारभाऱ्याला कचेरीतली रीत बदलायला लावायची नाही! जमलं तर बाप सुटला. नाहीतर बेडी जन्मभराची!"

आठव्या दिवशी वाड्याच्या देवडीवर एक लाकडी चौकट टांगलेली दिसली. तिला सारख्या मापाच्या चार खिडक्या: परगणा, गाव, आळी, घर.

"कचेरीत ज्यानं त्यानं आपल्या रीतीनं लिवावं," येसू म्हणाली. "खलित्याची थैली उंबरा वलांडायच्या आधी त्याच कचेरीच्या कारकुनानं ही चौकट थैलीवर ठिवून पत्ता हिच्या खिडक्यांतनं उतरवायचा. भाईर समद्यांचा एकच!"

"मग आम्ही आमच्या कचेरीत अशीच एक करवून घेतो," फडणीस घाईने म्हणाले.

"आम्हीही!" पागनीस ओरडले.

"म्हंजी उद्या दोन चौकटी भांडतील! एकच ऱ्हाईल, हितंच, साखळीला!"

पागनिसांनी चौकट निरखली आणि ते लालबुंद झाले. "सरकार, यात परगणा आधी! ही तर फडणिसांचीच रीत!"

फडणिसांनी मिशीला पीळ भरला. राजेसाहेबांच्या कपाळावर आठी चढली. दाराशी बेडीत उभा असलेला भिवजी एक पाऊल पुढे सरकला.

"खरं सांग पोरी," राजेसाहेब म्हणाले, "हा क्रम कुणी ठरवला? फडणिसांनी?"

"न्हाई सरकार, बाबाच्या पायांनी! देवडीभाईर पडलं की आधी परगण्याची वाट धरावी लागती, मग गावाची, मग आळीची. घर शेवटी! पायांना कुनाची पगडी दिसत न्हाई, सरकार!"

राजेसाहेब पोट धरधरून हसले. "अरे, काढा ती बेडी! आणि त्याच पायांत सोन्याचे तोडे घाला!"

देवडीचा कारभार येसूकडे आला, पालखीच्या मानासकट. आता तिच्या चौकटीपुढे दोन्ही कचेऱ्या रांगेत उभ्या राहतात, आणि जिंकलो आपणच, असं दोघेही कारभारी घरी सांगतात.