भिवाने दोर बांधला त्याची गोष्ट

कातळवाडीत भिवा नावाचा एक भोळा सांब राहायचा. अंगाने थोराड, मनाने लोण्याचा गोळा, आणि सांगाल ते ऐकणारा. हीच तर पंचाईत होती!

गावामागे हत्तीकातळ आहे. पुढून सरळसोट, मागून मात्र म्हशीसुद्धा चरत चरत वर जातात. पण पुढून चढायचं म्हणजे छाती लागते. वनिताताई शहरात जाऊन दोराने चढायला शिकून आली होती. गावातला संपत तिच्याबरोबर चढणारच होता. तिने भिवालाही कबूल केलं, "रविवारी चल. आधी संपत चढेल, मग तुझी पाळी."

भिवाची आई हरखली. "वर पोचलास की आरोळी ठोक रे बाळा. मी अंगणात थाळी वाजवीन. साऱ्या गावाला कळू दे!"

त्या थाळीपायी भिवाला तीन दिवस झोप नाही.

रविवारी ताईने दोर तपासायला अंगणात पसरला. भिवा त्याच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला.

"अरे बैला!" ताई ओरडली. "वाटेत असं लांबलचक पडलेलं दिसलं की पाय द्यायचा नाही. अलगद उचलायचं आणि खांद्यावर घ्यायचं!"

"बरं ताई."

निघाले. पायवाटेवर एक धामण ऊन खात पडली होती. चांगली सहा हात लांब. भिवाने पाय दिला नाही. अलगद उचलली आणि खांद्यावर घेतली.

संपत जो पळाला, तो थेट करवंदीच्या जाळीत! धामण बिचारी संपतपेक्षा जास्त घाबरली आणि उतरून निघून गेली.

"अरे, असलं वळवळताना दिसलं की टाळ्या वाजवायच्या, पाय आपटायचे आणि लांब पळायचं!" ताई म्हणाली. "आता आणखी एक घोळ केलास तर तुझी पाळी गेली म्हणून समज!"

भिवाचं तोंड एवढंसं झालं. "नाही करणार ताई. शप्पथ!"

कातळाशी पोचले. ताईने पिशवीतून दोर काढला, एक टोक भिवाकडे फेकलं. "धर रे!"

दोर वळवळत आला. भिवाने टाळ्या वाजवल्या, पाय आपटले आणि धूम ठोकली. त्याला शोधण्यात अर्धा तास गेला.

ताईने कपाळाला हात लावला. पण भिवाच्या डोळ्यांत पाणी बघून ती विरघळली. "हे शेवटचं हं! हा दोर घे, मागच्या वाटेने वर जा. काहीतरी भक्कम बघ. आधी ढकलून बघायचं. हललं तर सोडून द्यायचं, नाही हललं तर बांधायचं. आणि टोक खाली सोडून परत ये."

आता हे काम तिने भिवालाच का सांगितलं, ते मला विचारू नका. संपतच्या अंगातले करवंदीचे काटे काढायला दुसरं कोण होतं?

भिवा वर गेला. एक धोंडा ढकलला. जरासा डुगडुगला. सोडून दिला. झाड ढकललं. फांद्या हलल्या. सोडून दिलं. मग काळंभोर, गोल, भक्कम असं काहीतरी दिसलं. भिवाने दोन्ही हातांनी रेटलं, पाठ लावून रेटलं. तसूभर हललं नाही. नुसतं रवंथ करत राहिलं.

भिवाने दोन गाठी मारल्या, टोक खाली सोडलं आणि शहाण्यासारखा उतरून आला.

"भक्कम आहे ना?" ताईने विचारलं.

"एकदम! ढकलून दमलो."

संपतने टोक कमरेच्या पट्ट्याला बांधलं आणि पहिला पाय कातळावर ठेवला. तेवढ्यात वर ऊन तापलं आणि म्हशीला पलीकडचं डबकं आठवलं.

संपतने दुसरा पाय ठेवलाच नाही. तो सरसर सरसर वर गेला. त्याने अशी आरोळी ठोकली, अशी ठोकली, की खालच्या वाडीत कोंबड्या उडाल्या. वर पोचला, पण थांबला नाही. पलीकडे दिसेनासा झाला. मग डबक्यातून 'धप्प' असा आवाज आला.

आणि खाली वाडीत ठणाणा थाळी वाजायला लागली.

भिवाने भोकाडच पसरलं. "माझी थाळी! माझी थाळी संपतला वाजली!"

"अरे रडतोस काय?" ताई किंचाळली. "मघाशी वरच उभा होतास ना? तेव्हाच का नाही ठोकलीस आरोळी?"

भिवाने बाहीला नाक पुसलं.

"अशी कशी ठोकणार ताई? तेव्हा माझी पाळी नव्हती ना!"