घंटेचं मौन

फार वर्षांपूर्वी एका चर्चमध्ये खटखट्या नावाचं लाकडी वाद्य वर्षभर खुंटीला टांगलेलं असे. उपासकाळाच्या शेवटी, येशूच्या मरणाच्या दिवसांत घंटा मौन पाळी आणि लोकांना बोलवायचं काम खटखट्याकडे येई. तेव्हा त्याच्या अंगात नुसता उत्साह संचारे!

एका वर्षी गुड फ्रायडेला तो जीव तोडून खडखडला. बघतो तर काय, चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नाही!

"घंटाताई, पाहिलंस? अख्खा गाव माझ्या हाकेला धावला! तुझ्या हाकेला निम्मी बाकं रिकामी असतात!"

घंटेने तोंड उघडलं नाही. तिचा दोर बांधून ठेवणारे इनासमामा मात्र हसले.

"बाबा, रोज हाका मारणारी आई एकाएकी गप्प झाली ना, की पोरं अशीच धावत येतात."