शेलवडीच्या चार कड्या

चूक शिदोजी पाटलाची. गावात तुम्हाला हे कुणी सांगणार नाही, म्हणून मी आधीच सांगतो. त्या पारावर बसलेल्या आजोबांना विचारलंत तर ते म्हणतील, देवाची करणी.

ही काळी शिळा बघा. चार कोपऱ्यांना चार लोखंडी कड्या. गुंगीचं औषध नव्हतं तेव्हा गावचा न्हावी सडलेले हातपाय इथं कापायचा, असं सांगतात. रोग्याला दारू पाजायची, दातांत चामड्याचा पट्टा द्यायचा आणि चार गड्यांनी चार बाजूंनी दाबून धरायचं. बस.

शिदोजीच्या मुलाचा, सुभानजीचा पाय गाडीच्या चाकाखाली चिरडला आणि सडायला लागला. भिकोबा न्हावी म्हणाला, "पाटील, आज गुडघ्याखाली कापलं तर पोरगं जगंल. धरायला गडी द्या. तुम्ही नको. बाप हात सोडतो, मी बघितलंय."

"उजव्या बाजूचा मान आमच्या घराचा," शिदोजी म्हणाला. "होळीला आमचा, पोळ्याला आमचा. हितंच का सोडू?"

त्यावर पाटलाच्या हाताखालचा चौगुला अडून बसला. "मग डावा हात आम्ही धरणार नाही. आम्ही काय जन्मभर डावेच?"

पंच बसले. पान-सुपारी झाली, आजे-पणजे निघाले. दोन दिवस हेच. ओसरीवर पडल्या पडल्या सुभानजी म्हणे विचारायचा, "आबा, झाला का निवाडा?" पाय काळा पडत वर चालला होता.

तिसऱ्या दिवशी उजवा हात पाटलाला मिळाला. भिकोबा म्हणाला, आता मांडीवर कापावं लागेल, आणि हवं तर मान घ्या पण धरायला दुसरा द्या. ऐकतो कोण?

करवत हाडाला लागली तसा सुभानजीच्या तोंडातला पट्टा सुटला. "आबा, सोडा," म्हणाला. आणि शिदोजीनं सोडलं. दोन दिवस भांडून मिळवलेला हात सोडला. तो मोकळा हात भिकोबाच्या मनगटावर बसला, करवत घसरली, मोठी शीर तुटली. रक्त थांबवायची डागणी लालबुंद होती. पण रक्त काही थांबलं नाही.

तेराव्यानंतर भिकोबानं लोहाराकडून या कड्या ठोकून घेतल्या. पुढं रोग्याला कड्यांनाच बांधायचे. लोखंडाला मान लागत नाही. त्यानंतर पुष्कळ जण या शिळेवरून जिवंत उठले, असं म्हणतात.

आजही चैत्रात भिकोबाच्या घरचा माणूस चारी कड्यांना चामड्याचे पट्टे बांधतो. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हाच रिवाज. आणि आजही आमची वडीलधारी मंडळी त्याच्या उजव्या बाजूला कुणी उभं राहायचं यावर दुपारपर्यंत भांडतात. यंदा पट्टे ऊन उतरल्यावर बांधले.

शिदोजीला उजव्या हाताचा मान मिळाला. मुलगा गेला. एकच होता.