कळीवरची छत्री

या, जवळ या. मांडी घाला. बसलात? मग ऐका हं.

एक होती गच्ची. गच्चीला एक भिंत. भिंतीत एक भोक. आणि भोकात एक घर. त्या घरात राहायची एक माशी. मधमाशीच, पण अगदी एवढीशी. तुमच्या नखावर बसली तरी नख उरेल, एवढीशी. तिचं नाव मोहरी.

मोहरी कोणाला चावायची नाही. तिला नांगीच नव्हती. ती नुसती उडायची. गुंई गुंई गुंई.

मोहरीच्या घरात होती इवली इवली बाळं. बाळांना लागायचा पिवळा पिवळा खाऊ. तो खाऊ मिळायचा फुलात. कुठल्या फुलात? गच्चीवरच्या चिनी गुलाबात.

हा गुलाब वेगळा बरं का. याला काटे नाहीत. पानं बारीक आणि गुबगुबीत. ऊन चढलं की फूल उघडतं. दुपार कलली की फूल मिटतं. उन्हाचं भारी वेड त्याला.

एकदा काय झालं, शेजारचा बोका गच्चीवर आला. कठड्यावर चढला. कुंडीला धक्का लागला. धप्प! खळ्ळ!

कुंडी फुटली. फुलं चुरगळली. बोका पळाला. तो कशाला थांबतोय?

गच्चीखालच्या घरात राहायचे विसूआजोबा. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी मोडलेल्या काड्या वेचल्या. नवी कुंडी आणली. माती भरली. त्यातली एक काडी मातीत खोचली. खूप खूप पाणी घातलं. मग वर बघितलं. ऊन काय ऊन होतं! आजोबा म्हणाले, बिचारी माझी काडी, होरपळेल की. त्यांनी आपली काळी छत्री आणली. फट्! उघडली. कुंडीवर बांधून टाकली.

काही दिवस गेले. आजोबा रोज खूप पाणी घालायचे. काडीला एक कळी आली. गुलाबी, टोकदार, घट्ट मिटलेली.

आणि मोहरीच्या घरातला खाऊ संपला. खाली चाटून झालं, वर चाटून झालं. बाळं चुळबुळ करायला लागली. मोहरीला कसंतरीच झालं. ती म्हणाली, "थांबा हं बाळांनो. आत्ता आणते."

मोहरी निघाली. गुंई गुंई गुंई.

आली कळीकडे.

"कळीबाई, कळीबाई, उघड ना.
बाळांना खाऊ मिळेना."

कळी म्हणाली, "ऊन आलं तर मी उघडेन. नाही तर नाही."

मोहरी निघाली. गुंई गुंई गुंई.

आली उन्हाकडे. ऊन गच्चीवर लोळत पडलं होतं.

"ऊनदादा, ऊनदादा, ये ना.
कळी उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

ऊन म्हणालं, "मी कधीचं इथेच आहे गं. पण मधे छत्री आहे ना! छत्री मिटली तर मी येईन. नाही तर नाही."

मोहरी निघाली. गुंई गुंई गुंई.

आली छत्रीकडे. छत्री काळी काळी, ऐटीत पसरलेली.

"छत्रीताई, छत्रीताई, मीट ना.
ऊन येईना,
कळी उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

छत्री म्हणाली, "मी आपली आपण कशी मिटू? आजोबा उठले तर मी मिटेन. नाही तर नाही."

मोहरी निघाली. गुंई गुंई गुंई.

आली आजोबांकडे. आजोबा खुर्चीत बसले होते. डोक्यावर एक केस नाही. ऊन थेट टकलावर. घाम पुसतायत, पुन्हा घाम पुसतायत. छत्री कुठे? छत्री कुंडीवर!

"आजोबा, आजोबा, उठा ना.
छत्री मिटेना,
ऊन येईना,
कळी उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

आजोबा म्हणाले, छे छे. काडी अजून लहान आहे. मूळ धरलं की नाही, कोणाला ठाऊक?

मग बघा की, असं म्हणाल तुम्ही. पण तीच तर पंचाईत होती. आजोबांना एक खोड होती. काडी लावायची, आणि रोज उपटून बघायची. मूळ फुटलं का? खुपस परत. मूळ फुटलं का? खुपस परत. अशाने मूळ फुटेल का कधी? म्हणून सूनबाईंनी त्यांना बजावलं होतं, की बाबा, या वेळी काडीला हात लावायचा नाही. आजोबांनी कबूल केलं होतं. आणि आजोबा शब्दाचे पक्के.

आजोबा म्हणाले, "मातीत गांडूळ आहे. त्याने मूळ बघून सांगितलं तर मी उठेन. नाही तर नाही."

मोहरी निघाली. गुंई गुंई गुंई.

आली गांडुळाकडे. गांडूळ कुंडीच्या काठाला चिकटून बसलं होतं. अंग चोरून.

"गांडूळभाऊ, गांडूळभाऊ, मूळ बघ ना.
आजोबा उठेनात,
छत्री मिटेना,
ऊन येईना,
कळी उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

गांडूळ म्हणालं, "मातीत नुसता चिखल झालाय. मी बुडेन ना! पाणी गेलं तर मी बघेन. नाही तर नाही."

मोहरी निघाली. गुंई गुंई गुंई.

आली पाण्याकडे. पाणी कुंडीत तळं करून बसलं होतं. डुबुक डुबुक.

"पाणीराजा, पाणीराजा, जा ना.
गांडूळ बघेना,
आजोबा उठेनात,
छत्री मिटेना,
ऊन येईना,
कळी उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

पाणी म्हणालं, "मी जाऊ कुठून? खाली भोक आहे, पण भोकावर खापरी बसलीय. खापरी सरकली तर मी जाईन. नाही तर नाही."

मोहरी निघाली. गुंई गुंई गुंई.

कुंडी दोन विटांवर ठेवलेली. मोहरी विटांच्या मधे शिरली. वर बघितलं. भोकात दिसली खापरी. फुटक्या कुंडीचाच तुकडा तो. कुंडी भरताना भोकावर खापरी ठेवायची असते, म्हणजे माती राहते आणि पाणी जातं. पण ती ठेवायची पालथी. आजोबांनी गडबडीत ठेवली उताणी. तिची पाठ भोकात गच्च बसली.

"खापरीमावशी, खापरीमावशी, सरक ना.
पाणी जाईना,
गांडूळ बघेना,
आजोबा उठेनात,
छत्री मिटेना,
ऊन येईना,
कळी उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

खापरी म्हणाली, "अगं, मला का हौस आहे? पाठ अवघडली माझी. मुंगळ्याने ढकललं तर मी सरकेन. नाही तर नाही."

मोहरी आता दमली होती. पंख जड झाले होते. तरी ती निघाली. गुंई... गुंई... गुंई...

आली मुंगळ्याकडे. मुंगळा काळाभोर, डोकं हे एवढं. भिंतीच्या कडेने चालला होता. तुरुतुरु तुरुतुरु.

"मुंगळेबुवा, मुंगळेबुवा, ढकला ना.
खापरी सरकेना,
पाणी जाईना,
गांडूळ बघेना,
आजोबा उठेनात,
छत्री मिटेना,
ऊन येईना,
कळी उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

मुंगळा थांबला. मिशा हलवल्या. तो म्हणाला, "माझ्या पोटात सकाळपासून काही नाही. गोड मिळालं तर मी ढकलेन. नाही तर नाही."

आता गोड कुठून आणायचं?

 मोहरीच्या पोटात एक थेंब होता. मधाचा. शेवटचा. सगळ्यात धाकट्या बाळासाठी तिने तो जपून ठेवला होता. कळी उघडली नाही, तर बाळाला निदान तेवढा तरी मिळेल, म्हणून.

मोहरीने भिंतीकडे पाहिलं. मुंगळ्याकडे पाहिलं. द्यावा की ठेवावा? तिला रडूच आलं. पण एका थेंबाने किती बाळांचं पोट भरणार?

ती मुंगळ्यासमोर बसली. थेंब बाहेर काढला. "घ्या," ती म्हणाली.

मुंगळ्याने थेंब चाटला. मिशा चाटल्या. पाय चाटले. मग म्हणाला, "गोड आहे हो." आणि त्याने हाक मारली. भिंतीतून त्याचे भाऊ निघाले. काळे काळे, तुरुतुरु तुरुतुरु. सगळे कुंडीखाली गेले. भोकाला डोकी लावली.

मुंगळे लागले ढकलायला. हय्या हो! हय्या हो!

खापरी लागली सरकायला. खर्र खर्र खर्र.

पाणी लागलं जायला. गळ गळ गळ गळ.

चिखल बसला. माती मऊ झाली. गांडूळ निघालं. वळवळ वळवळ. गेलं काडीच्या खाली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग वर आलं आणि डोकं बाहेर काढलं.

"आजोबा," गांडूळ म्हणालं, "मूळ फुटलंय. पांढरं पांढरं, शेवईसारखं."

आजोबा उठले. कुंडीजवळ आले. छत्रीला हात लावला. आणि थांबले.

का थांबले? तर त्यांचा जीव होईना. त्यांनी वर बघितलं. ऊन रणरणत होतं. ते म्हणाले, एवढ्या उन्हात हिला उघडी टाकू? हे इवलंसं रोप, आणि ते एवढं मोठं ऊन!

मोहरी छत्रीच्या दांड्यावर बसली होती. तिच्यात आता उडायचंही बळ नव्हतं. ती हळूच म्हणाली, "आजोबा, तिला ऊनच हवंय."

आजोबांनी कळीकडे बघितलं. कळी सावलीत मान वाकवून उभी होती. तिचं तोंड छत्रीच्या कडेकडे होतं. कडेला उन्हाची एक बारीक रेघ पडली होती. कळी तिकडेच झुकली होती.

आजोबांना ते दिसलं.  ते खाली बसले आणि कळीला म्हणाले, "अगं, मला ऊन सोसत नाही. म्हणून मला वाटलं, तुलाही सोसत नाही."

मग त्यांनी गाठ सोडली. छत्री मिटली. फट्!

ऊन आलं. लख्ख! कळीच्या डोक्यावर, पानांवर, मातीवर, सगळीकडे.

आणि कळी उघडली का?

थांबा. फुलांना घाई नसते.

कळी आधी सरळ झाली. मग तिचं टोक सुटलं. मग एक पाकळी हलली. मग दुसरी. मग सगळ्याच. आणि बघता बघता गुलाबी फूल उघडलं. मधे पिवळा पिवळा खाऊ. खच्चून भरलेला.

मोहरी फुलात उतरली नाही, पडलीच. इकडे लोळली, तिकडे लोळली. रस प्यायली. पंखात बळ आलं. बाहेर आली ती पिवळीधमक. पाय पिवळे. पोट पिवळं. मिशासुद्धा पिवळ्या.

मोहरी निघाली. गुंई गुंई गुंई!

आली घरी. बाळांना खाऊ दिला. याला दिला, त्याला दिला, त्या कोपऱ्यातल्यालाही दिला. सगळ्यात धाकट्या बाळाला दिला मध. एक थेंब नाही, पोटभर.

मग मोहरी परत आली. पुन्हा गेली. पुन्हा आली. एकदा जाताना मुंगळ्यालाही थोडं गोड देऊन गेली. तो नको नको म्हणत होता. पण खाल्लं बरं का त्याने.

आणि आजोबा? त्यांनी रोपाची एक काडी मोडली.  दुसरी कुंडी घेतली. खापरी ठेवली पालथी, दोनदा बघून. माती भरली. काडी खोचली. पाणी घातलं, बेताचं. कुंडी ठेवली छान उन्हात.

मग ते खुर्चीत बसले. छत्री घेतली. फट्! उघडली. आणि धरली कोणावर?

आपल्या टकलावर!

सूनबाई गच्चीवर आल्या, बघून हसल्या. म्हणाल्या, बाबा, आता कशी बरोबर जागी आली छत्री.

दुपार कलली. फूल मिटलं. भिंतीतली बाळं निजली. छत्रीखाली आजोबांनाही डुलकी लागली.

कळी उघडली, खाऊ मिळाला. खाऊ मिळाला, बाळं निजली. बाळं निजली, आता तुम्हीही निजा.